वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीला हवेचं सस्पेन्शन

पद्मिनी, ॲम्बॅसेडर अशा गाड्या नव्याने बांधणाऱ्या वाचकांची एअर सस्पेन्शनबद्दलची, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवा भरलेले रबरी बलून बसवण्याबद्दलची, पत्रं या अंकात एकत्र घेतली आहेत. प्रश्न जागेअभावी छाटले आहेत.

प्रश्न : माझी १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन आणि पत्र्याचं काम झालं. आता मागे पाट्यांच्या जागी एअर बलून घालायचे आहेत. मिस्त्री म्हणतो, मेन पाटा तेवढा ठेवू, बाकीचे काढू, वर बलून बसवू. दोन दिवसांचं काम आहे. करू का?
– एक वाचक, सुखलिया, इंदूर

उत्तर : करू नका.

पाट्याकडे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगकडे, दोन कामं असतात. वजन पेलायचं हे एक. दुसरं म्हणजे ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, जागेवर धरायचा : तो पुढे-मागे सरकू द्यायचा नाही, आडवा सरकू द्यायचा नाही आणि स्वतःभोवती पिळू द्यायचा नाही. बलून यातलं फक्त पहिलं काम करतो. आडवं ढकललं की तो तिरका होतो, बस्स. सगळे पाटे मिळून जो पीळ सोसतात तो एकट्या मेन पाट्याला झेपत नाही. पहिल्या गिअरला क्लच सोडला की ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शियलचं तोंड वर उचललं जातं, जोरात ब्रेक मारला की खाली दबतं, आणि पाटा नागमोडी वाकतो. चाक रस्त्यावर थडथडतं, प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत फिरणाऱ्या दांड्याचे) क्रॉस लवकर जातात, आणि शेवटी पाटा पुढच्या बुशाजवळ तुटतो. तसं झालं की ॲक्सलची एक बाजू मागे सरकते आणि स्टिअरिंग सरळ असूनही गाडी वळते. मानपूरच्या घाटात हे व्हायला नको.

मार्ग दोनच आहेत. पाट्यांचा जुडगा पूर्ण ठेवून, किंवा फार तर एखादा पाटा कमी करून, ॲक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये छोटे मदतनीस बलून बसवायचे. घरची माणसं आणि सामान भरलं तरी गाडीची मागची बाजू खाली जात नाही, पत्रा कापावा लागत नाही, आणि बलून फुटलाच तरी पाट्यांवर घरी येता येतं. मात्र गाडी पोटावर बसत नाही. सराफ्याच्या तोंडाशी गाडी लावून बटण दाबायचं आणि लोकांना दाखवायचं, असा बेत असेल तर हा मार्ग तुमच्या कामाचा नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पाटे पूर्ण काढून चार दांड्यांची, म्हणजे फोर-लिंकची, जोडणी. दोन दांड्या खाली, दोन वर. वरच्या दोन तिरक्या घातल्या तर आडवा भार त्याच घेतात. जागा नसेल तर चारही समांतर घालून पाचवी आडवी पॅनहार्ड दांडी द्यावी लागते. पद्मिनीत मागच्या सीटखाली जागा बेताचीच आहे, म्हणून आम्ही समांतर दांड्या आणि पॅनहार्ड सुचवू.

दांड्यांना ३२ ते ३८ मिमी व्यासाची, ४ मिमी जाडीची सीमलेस नळी घ्या. फर्निचरला लागते ती शिवणीची नळी नको. कंस, म्हणजे ब्रॅकेट, ६ मिमी प्लेटचे, बोल्ट १४ मिमीचे आणि १०.९ ग्रेडचे, ग्रेड बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो, नसेल तर तो बोल्ट परत करा. दांड्या जमतील तितक्या लांब ठेवा. ५०० मिमीच्या दांडीत चाक ७५ मिमी वर गेलं तर ॲक्सल जेमतेम ६ मिमी सरकतो, २५० मिमीच्या दांडीत साडेअकरा. पॅनहार्डचंही तसंच. ती लांब हवी आणि गाडी चालवायच्या उंचीवर आडवी, सपाट असायला हवी; तिरकी बसवली तर प्रत्येक खड्ड्यात गाडीचं मागचं अंग एका बाजूला सरकतं.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक गॅरेजांत नेमका तोच उलटा होतो. आधी बलून बसवतात, मग जे जमेल त्या उंचीवर गाडी उभी राहते. तुम्ही आधी गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, घ्या आणि चाकं लावून ज्या उंचीवर चालवायची त्या उंचीला ॲक्सल टेकवा. डिफरन्शियलच्या तोंडाचा कोन डिजिटल लेव्हलने मोजा. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाचा कोन आणि हा कोन समान आणि उलट हवेत. तीन अंशांहून जास्त फरक पडला तर साठच्या पुढे शाफ्ट घुमायला लागतो. मग बलूनच्या माहितीपत्रकातली डिझाइन हाइट बघा आणि चालवायच्या उंचीवर बलून तेवढाच उभा राहील अशा कंसाच्या जागा ठरवा. कंस आधी फक्त टाका मारून धरा. बलून न घालता जॅकने ॲक्सल पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन बघा : शाफ्ट बोगद्याला लागतो का, सायलेन्सरची नळी आड येते का, ब्रेकचा रबरी होज ताणतो का, हँडब्रेकची केबल पुरते का. सगळं मोकळं फिरलं की पूर्ण वेल्डिंग.

पद्मिनीला वेगळी चेसिस नाही, बॉडीच चेसिस आहे. त्यामुळे कंस थेट तळाच्या पत्र्यावर वेल्ड केला तर वर्षभरात पत्रा कंसाभोवती गोल फाटतो. आधी ३ मिमीची तळहाताएवढी प्लेट मूळच्या खोक्याच्या पट्टीवर, म्हणजे जिथे पाट्याचे टेकू होते तिथे, वेल्ड करा आणि कंस तिच्यावर घ्या. ॲक्सलच्या नळीवर एकाच जागी सलग वेल्ड करू नका, नळी वाकते आणि ऑइल सील गळायला लागतं. दोन-दोन सेंटिमीटरचे टप्पे घेऊन मध्ये थंड होऊ द्या. वेल्डिंगआधी बॅटरीची तार आणि पेट्रोलची टाकी, दोन्ही काढा.

आता दोन छोट्या वस्तू, ज्या विसरल्या की बलून फुटतो. बलून पूर्ण दाबला जाण्याआधी ॲक्सल रबरी बफरवर टेकला पाहिजे, आणि पूर्ण ताणला जाण्याआधी शॉकअप किंवा पट्ट्याने अडला पाहिजे. बलूनभोवती, तो फुगलेला असताना, चारी बाजूंनी २५ मिमी मोकळी जागा हवी. बोल्टचं टोक, वेल्डिंगचा दाणा, सायलेन्सर, काहीही घासलं तर रबर आठवड्यात कापलं जातं.

आणि एक सांगून ठेवतो, ते सगळ्यांनाच. फुगलेल्या बलूनच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका. घोड्या लावल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही, फिटिंग ढिलं करायला तर नाहीच.

प्रश्न : देवास नाक्याच्या बाजूला बसचे वापरलेले बलून स्वस्तात मिळतात. मोठा बलून म्हणजे गाडी आणखी मऊ चालेल ना?
– एक वाचक, विजयनगर, इंदूर

उत्तर : उलट होईल. आकडे मांडून बघू. बलून जेवढं वजन उचलतो ते म्हणजे हवेचा दाब गुणिले त्याचं प्रत्यक्ष भार घेणारं क्षेत्रफळ. तुमच्या गाडीच्या मागच्या एका बलूनवर २२० किलो, म्हणजे ४८५ पाउंड, येतात असं धरा. भार घेणारा व्यास पाच इंच असलेल्या बलूनचं क्षेत्रफळ १९.६ चौरस इंच, म्हणजे २५ पीएसआयला (दर चौरस इंचाला २५ पाउंड दाबाला) तो हे वजन उचलतो. बसच्या दहा इंची बलूनचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस इंच. त्याला ६ पीएसआय पुरे.

आता इथे गंमत आहे. बलूनचा कडकपणा गेजवरच्या दाबावर नाही, तर त्यात वातावरणाचे १४.७ पीएसआय मिळवून जो आकडा येतो त्यावर ठरतो. २५ पीएसआयला ही बेरीज जवळजवळ ४०, म्हणजे वजन पेलणाऱ्या दाबाच्या १.६ पट. ६ पीएसआयला बेरीज २०.७, म्हणजे साडेतीन पट. त्यामुळे उंची तीच ठेवली तर त्याच वजनाखाली बसचा बलून दुपटीहून जास्त कडक वागतो. शिवाय इतक्या कमी दाबात त्याची रबरी घडी नीट उघडत नाही, दोन प्लेटांमध्ये चिमटली जाते आणि कापते. दर बलूनच्या पत्रकात कमीत कमी दाब दिलेला असतो, तो त्याचसाठी.

म्हणून आधी गाडी धर्मकाट्यावर न्या. पुढची चाकं काट्यावर, मागची बाहेर, असं एकदा, मग उलटं. रिकामी, आणि मग चार माणसं बसवून. त्यातून चाकं, ॲक्सल, ब्रेक ड्रमचं वजन वजा करा, कारण ते बलूनवर येत नाही. चालवायच्या उंचीवर ४० ते ७० पीएसआय येईल असा बलून निवडला की गाडी मऊही चालते आणि भरल्यावर वरही राहते. मागच्या हलक्या बाजूला पाच इंचाचाही मोठाच होतो, हे वरच्या हिशेबात दिसलंच. तिथे चार इंचाचा लांबट नळीसारखा, म्हणजे स्लीव्ह प्रकारचा, बलून बघा. पुढे, जिथे भार जास्त आणि जागा कमी, तिथे दोन वळ्यांचा, डमरूसारखा.

प्रश्न : ॲम्बॅसेडरला पुढेही बलून बसतील का? आमचा फिटर टॉर्शन बार काढून खालच्या आर्मवर बलून ठेवू म्हणतो.
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बसवता येतील, बसवू नयेत असं आमचं मत.

ज्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग असते तिथे स्प्रिंगच्या डोक्यावर मूळचाच एक मजबूत खिसा असतो. स्प्रिंग काढली की बलूनला तो मिळतो. ॲम्बॅसेडरचा टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा, मात्र लांब मागे, तळाखाली जाऊन अडकतो. चाकाचा भार तिथे पोचतो. चाकावरच्या मडगार्डच्या पत्र्याने तो भार कधी पाहिलेलाच नाही. बलून आर्मच्या निम्म्या लांबीवर बसवला तर चाकावर ३०० किलो असताना बलूनवर ६०० येतात, आणि तेवढेच वर पत्र्यावर. तो खिसा ५ मिमी प्लेटचा वेगळा बांधून क्रॉसमेंबरला जोडावा लागेल, आणि इंजिनाच्या बाजूला तेवढी जागा काढताना स्टिअरिंगची दांडी आड येईल.

मागे बलून आणि पुढे मूळ टॉर्शन बार, ही जोडी चांगली चालते. पुढची उंची थोडी कमी हवी असेल तर ती बारच्या दातऱ्यांवरून जुळवून घ्या, आणि नंतर अलाइनमेंट करायला विसरू नका. उंची बदलली की कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो.

प्रश्न : कॉम्प्रेसर म्हणून टायरमध्ये हवा भरायचा पंप वापरला. दोनदा जळला. गाडी जुनी, डायनमोवाली.
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : पंपाचा दोष नाही, त्याला दिलेल्या कामाचा आहे. हवा साठवायची १२ लिटरची टाकी १५० पीएसआयपर्यंत भरायची तर १२० लिटरच्या आसपास मोकळी हवा कोंबावी लागते. टायरचा पंप त्याला दहा मिनिटांहून जास्त घेतो, तेही शेवटी सगळ्यात जड दाबावर. वर दर वेळी त्याला ११० पीएसआय समोर असताना सुरू व्हावं लागतं. त्याची मोटर त्यासाठी बांधलेलीच नाही.

एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर घेताना त्याची ड्यूटी सायकल बघा. १०० पीएसआयला ३३ टक्के म्हणजे दहा मिनिटं चालला तर वीस मिनिटं विसावा. असा कॉम्प्रेसर २० ते ३० अँपिअर खातो. तुमचा डायनमो पूर्ण वेगात वीस-बावीस अँपिअर देतो आणि गाडी उभी असताना जवळजवळ काहीच नाही. म्हणजे सगळा भार बॅटरीवर. अल्टरनेटर बसवा, ५५ अँपिअरच्या वरचा. मारुती ८०० किंवा व्हॅनचा अल्टरनेटर कंस बनवून बसवणारे बरेच आहेत. त्याआधी गाडीला पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं, तर नाही ना, ते तपासा. जुन्या विलायती वायरिंगच्या गाड्यांत असते, आणि ती न बदलता अल्टरनेटर जोडला तर त्याचे डायोड त्याच क्षणी जातात.

बॅटरीपासून डिकीपर्यंत १० चौरस मिमीची तांब्याची तार न्या. पाच मीटरला अडीच चौरस मिमीची वापरली तर ३० अँपिअरवर एकट्या तारेतच एक व्होल्ट जातो, मग मोटर कुंथते आणि तापते. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतरात, कारण त्याच्या अलीकडची तार उघडी पडली तर तिला वाचवणारं काही नाही. रिले हवाच. प्रेशर स्विच ११० ला सुरू, १४५ ला बंद. टाकीवर १७५ चा सेफ्टी व्हॉल्व्ह.

कॉम्प्रेसरमधून निघणारी हवा भाजण्याइतकी गरम असते. पहिला हातभर तुकडा स्टीलच्या जाळीचा होज आणि त्याला चेक व्हॉल्व्ह. त्यानंतरच नायलॉनची नळी. डिकीत पेट्रोलची टाकी किंवा तिची नळी असेल तर कॉम्प्रेसर तिच्यापासून दूर, आड पत्रा घालून. मोटरच्या ब्रशला ठिणग्या पडतात.

टाकी नवी, दाबाचा शिक्का मारलेली घ्या. ट्रकच्या ब्रेकची टाकी वापरत असाल तर ट्रकमध्ये ती ८ बारच्या, म्हणजे ११५ पीएसआयच्या, आसपास चालते. तुमचाही स्विच त्याच दाबाला बंद होईल असा ठेवा. गॅसचं जुनं सिलिंडर कापून केलेली टाकी गाडीत ठेवू नका.

प्रश्न : रात्री उभी केलेली गाडी सकाळी खाली बसते. चारही फिटिंगना टेफ्लॉन टेप गुंडाळली, तरी तेच.
– एक वाचक, मोरार, ग्वाल्हेर

उत्तर : कशी बसते त्यावर आहे. मागच्या दोन्ही बाजू सारख्याच आणि सेंटिमीटरभर, तीही थंडीत, बसत असतील तर गळती नाही. संध्याकाळी २५ अंश आणि पहाटे ७ अंश असेल तर हवा सहा टक्क्यांनी आकसते. सव्वाशे मिमी उंच बलून सात-आठ मिमी खाली येणारच. पुढे, आर्मवर बसवलेला असेल, तर चाकापाशी त्याची दुप्पट.

एकच कोपरा बसत असेल तर गळती. भांडी घासायच्या साबणाचं दाट पाणी ब्रशने लावा आणि दोन मिनिटं थांबा. बारीक गळतीचा फुगा लगेच येत नाही, पांढरा फेस हळूहळू साचतो.

बहुतेक वेळा कारण नळीच्या टोकाशी सापडतं. दाबून बसवायच्या फिटिंगमध्ये नळी काटकोनात, सरळ कापलेली हवी. पक्कडीने किंवा हॅकसॉने कापली की टोक अंडाकृती होतं आणि आतली ओ-रिंग एका बाजूने उघडी राहते. नळी कापायचा कटर घ्या, टोक पुन्हा दोन सेंटिमीटर कापा, फिटिंगपासून निदान पाच सेंटिमीटर सरळ जाऊ द्या, मग वळवा.

दुसरं कारण आपल्याकडचं खास. बलून आणि व्हॉल्व्ह बाहेरून आलेले असतील तर त्यांचे आटे एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, असतात. हार्डवेअरच्या दुकानातलं फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं, असतं. पाव इंचाला एकाचे इंचात १८ आटे, दुसऱ्याचे १९. दोन-तीन फेरे छान जातात, मग घट्ट होतं, आणि आपण समजतो बसलं. अर्ध्या इंचात तर दोघांचेही १४ आटे, फिटिंग पूर्ण वळतं, पण आट्याचा कोन ६० अंश आणि ५५ अंश असा वेगळा, त्यामुळे गळतच राहतं. कितीही टेप गुंडाळा. वर ती टेप सुटून तिचे धागे व्हॉल्व्हमध्ये जातात आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, ही नवी गळती. टेप वापरायचीच तर पहिले दोन आटे मोकळे सोडा. त्यापेक्षा आट्यांवर लावायचं द्रव सीलंट बरं.

प्रश्न : मागचे दोन्ही बलून एकाच नळीवर टी लावून जोडलेत. वळणावर गाडी फार कलते.
– एक वाचक, राजमोहल्ला, इंदूर

उत्तर : टी काढा. वळणावर बाहेरच्या बलूनवर भार येतो, हवा टीमधून आतल्या बलूनमध्ये पळते, आणि गाडी आणखी कलते. प्रत्येक बलूनला स्वतःची नळी आणि स्वतःचे दोन व्हॉल्व्ह, एक भरायला, एक सोडायला. मागच्या दोनांना चार, चारी कोपऱ्यांना आठ.

प्रश्न : आरटीओ काय म्हणेल?
– एक वाचक, अलकापुरी, वडोदरा

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओत लेखी विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतर कळवून उपयोग नाही. १५ वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करताना तपासणी होते, तेव्हा कापलेला तळ दिसतोच.

गाडी ५० वर्षांची होत आली असेल तर आणखी एक विचार करा. जुलै २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना 'व्हीए' मालिकेची व्हिंटेज नोंदणी मिळते : नवीन नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरणाला ५,०००. अट अशी, की चेसिसमध्ये, बॉडी शेलमध्ये किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. फोर-लिंकसाठी तळ कापला की हा दरवाजा बंद होतो. तुमच्याच गावात, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात, जानेवारी २०२३ मध्ये जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. अशा ठिकाणी परीक्षक गाडीखाली वाकून बघतात. १९७० च्या सुमाराची, मूळ अवस्थेतली गाडी हातात असेल तर आम्ही तिला हात लावणार नाही. आधीच गंजून तळ बदललेली, इंजिन बदललेली गाडी असेल तर प्रश्न वेगळा.

प्रश्न : टाकीतलं पाणी किती दिवसांनी काढायचं?
– एक वाचक, मांजलपूर, वडोदरा

उत्तर : तुमच्याकडे पावसाळ्यात आठवड्याला, एरवी महिन्याला. ड्रेनचा नळ टाकीच्या सगळ्यात खालच्या बिंदूवर हवा. बाजूला लावला असेल तर पाणी तळाशीच राहतं. निघालेलं पाणी तांबूस दिसलं तर टाकी आतून गंजतेय, बदला. दुधाळ दिसलं तर कॉम्प्रेसरचं तेल येतंय. तेलाने व्हॉल्व्हचे रबर फुगतात. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये वॉटर ट्रॅप असेल तर त्याची वाटीही त्याच वेळी रिकामी करा.